घरचा ऑक्सिजन : एकदा लिहून दिलेला आकडा किती दिवस चालवायचा?

पाणपोई (धागाकर्ती)

बाबांना जाऊन आता दीड वर्ष होईल. त्याआधीची साडेतीन वर्षं आमच्या घरात ऑक्सिजन होता. त्यांना आयएलडी होता, म्हणजे फुफ्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार. त्या काळात आम्ही जे शिकलो, त्यातलं बरंचसं उशिरा आणि चुका करून शिकलो. ज्यांच्या घरी आत्ता हे चालू आहे त्यांना ते वेळेवर कळावं म्हणून हा धागा काढते आहे.

पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आलो तेव्हा कागदावर एकच ओळ होती : ऑक्सिजन २ लिटर, म्हणजे मिनिटाला दोन लिटर. आम्ही ती तंतोतंत पाळली. बसताना दोन, चालताना दोन, झोपेतही दोन. आठ महिने हेच चाललं. हे दोन नेमके कुठल्या अवस्थेतले, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. खुर्चीत बसलेल्या बाबांचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९४ दिसायचं, की आम्ही निर्धास्त. एके सकाळी ते अंघोळ करून बाहेर आले आणि दाराची चौकट धरून उभेच राहिले. ओठ निळसर पडले होते. ऑक्सिमीटर लावला तर ७९. खुर्चीत बसवल्यावर काही मिनिटांत परत ९३. म्हणजे हे रोज होत असणार आणि आम्ही रोज तो पडलेला आकडा सावरल्यानंतरच बघत होतो. त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला.

नंतरच्या डॉक्टरांनी बाबांना सहा मिनिटं चालवून बघितलं, रात्रभराचं सॅच्युरेशन नोंदवणारं छोटं यंत्र बोटाला लावून घरी पाठवलं, आणि मग तीन वेगळे आकडे लिहून दिले : बसताना २, चालताना ४, झोपेत ३. अंघोळ, जिना, कपडे बदलणं यासाठी चालतानाचाच आकडा, आणि तो काम सुरू करायच्या दोन-तीन मिनिटं आधी लावायचा. धाप लागल्यावर वाढवला की ती कमी व्हायला वेळ लागतो. एवढ्या एका बदलाने बाबा परत स्वतःच्या हाताने अंघोळ करू लागले.

हे तीन आकडेही टिकले नाहीत. वर्षभरात चालतानाचे ४ चे ६ झाले, आणि तिथे आमचं सगळं सामानच अपुरं पडलं. घरात ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर होता. हे मशिन ऑक्सिजन तयार करत नाही, हवेतला वेगळा काढतं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. मशिनमधले झिओलाइटचे खडे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात, आणि उरलेल्या वायूत ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास राहतो. खड्यांची क्षमता ठरलेली असते. त्यापलीकडे प्रवाह ओढला तर लिटर वाढलेले दिसतील, पण शुद्धता घसरेल. आम्हाला १० लिटरचं मशिन घ्यावं लागलं. त्याला वीज जवळपास दुप्पट लागते, ते जास्त तापतं आणि आवाजही जास्त करतं, म्हणून त्याची जागा बाबांच्या खोलीतून बाहेर गेली आणि नळी लांब झाली. एक आकडा बदलला की घरातल्या किती गोष्टी हलतात, याची मला आधी कल्पना नव्हती.

सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र पोर्टेबल मशिनची. बाबांना बाहेर पडायची फार ओढ, म्हणून खांद्याला अडकवायचं मशिन घेतलं. विक्रेत्याने सांगितलं, "यात ५ पर्यंत आहे, तुम्हाला ४ लागतो, म्हणजे पुरेल." ते ५ म्हणजे ५ लिटर नव्हेत. ही छोटी मशिनं पल्स पद्धतीची असतात : तुम्ही श्वास आत ओढला की तेवढ्यापुरता एक झोत सोडतात. त्यांची मिनिटाची एकूण निर्मिती बहुधा एका लिटरच्या आसपास असते आणि बटणावरचा आकडा हा फक्त त्या कंपनीचा क्रमांक असतो. एका कंपनीचा ३ आणि दुसरीचा ३ यांतही फरक पडतो. त्यातून धाप लागून श्वास भराभर होऊ लागले की बऱ्याच मशिनांत प्रत्येक झोत लहान होतो, कारण एकूण तेवढाच असतो. ज्या क्षणी जास्त हवा, नेमका त्याच क्षणी कमी मिळतो. बाबा पहिल्याच फेरीत रस्त्याच्या कडेला बसले, ८२ वर. त्यानंतर दोन महिने ते बाहेर पडायलाच तयार नव्हते. माझी कळकळीची विनंती : पोर्टेबल घ्यायच्या आधी तेच मशिन पेशंटच्या खांद्याला लावून, ऑक्सिमीटर बोटात घालून, डॉक्टरांसमोर किंवा तंत्रज्ञासमोर चालवून बघा. थोडा ऑक्सिजन लागणाऱ्या कितीतरी लोकांना ही मशिनं उत्तम चालतात. बाबांनाही पहिल्या वर्षात कदाचित चालली असती.

तुमच्या घरी काय बदलत गेलं, कधी लक्षात आलं, कुणी सांगितलं, सगळं लिहा. अजून खूप सांगायचं आहे, विषय निघेल तसं लिहीन.

---

रातवा

पाणपोईताई, तुमचं वाचून धीर करून लिहितोय. माझ्या आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा जुनाट आजार) आहे, वय ७१. पाच महिन्यांपासून मशिन आहे, १ लिटर सांगितलं आहे. सॅच्युरेशन ८९-९० असतं. मला ते कमी वाटतं, म्हणून रात्री ती झोपली की मी ३ वर करून ठेवतो, मग ९६ दिसतं आणि मलाही झोप लागते. पण गेले काही आठवडे सकाळी तिचं डोकं फार दुखतं, उठवायला वेळ लागतो, एकदा तर मला ओळखायला दोन क्षण गेले. अजून वाढवायला हवा का?

---

दहिवर

रातवा, मी १४ वर्षं श्वसनोपचार विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. वाढवू नका. आज रात्री जेवढा लिहून दिला आहे तेवढाच ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा. उद्या सकाळची वाट बघू नका. आई नीट जागी होत नसेल, असंबद्ध बोलत असेल, तर सरळ इमर्जन्सीला न्या.

कारण सांगतो. सीओपीडीच्या काही पेशंटच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी वाढतो. सकाळची डोकेदुखी, गुंगी, गोंधळ ही त्याचीच लक्षणं असू शकतात. ऑक्सिमीटरला हे दिसत नाही, तो फक्त ऑक्सिजन मोजतो. तुम्हाला ९६ दिसत होतं त्याच वेळी आत कार्बन डायऑक्साइड चढत असेल. त्यासाठी धमनीतलं रक्त तपासावं लागतं, एबीजी. असा धोका असलेल्या पेशंटमध्ये लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ ठेवतात, म्हणजे आईचे ८९-९० हे ठरवून ठेवलेले असण्याची शक्यता मोठी आहे. हे तुम्हाला घरी पाठवतानाच कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. तुम्ही प्रेमापोटी केलंत, मनाला लावून घेऊ नका, पण फोन आत्ता करा.

पाणपोईताईंच्या लेखाला एक जोड. आयएलडीमध्ये चालताना सॅच्युरेशन धाडकन पडतं, सीओपीडीमध्ये कार्बन डायऑक्साइडची भानगड असते. त्यामुळे एका पेशंटचा आकडा दुसऱ्याला लावू नये. "आमच्या काकांना ५ वर ठेवलं आणि बरं वाटलं" असे सल्ले नातेवाईक देतात तेव्हा मला फार भीती वाटते.

---

रातवा

फोन केला. घेऊन निघालोय. नंतर लिहितो.

---

शेवंती

रातवा, आई लवकर बऱ्या होवोत.

माझा अनुभव उलट दिशेचा आहे, म्हणून लिहिते. आमची मुलगी २७ आठवड्यांची जन्मली. तीन महिन्यांनी घरी आली तेव्हा पाव लिटर ऑक्सिजनवर होती. घरच्या मशिनच्या साध्या फ्लोमीटरवर एवढा बारीक आकडा लावताच येत नाही, त्याला वेगळा कमी प्रवाहाचा मीटर लागतो. हे आम्हाला मशिन घरी आल्यावर कळलं आणि घरी येणं चार दिवस लांबलं.

बाळांची फुफ्फुसं वाढत असतात, त्यामुळे त्यांची गरज बहुतेक वेळा कमी होत जाते. पण सरळ रेषेत नाही. दूध पिताना तिला जास्त लागायचा, सर्दी झाली की दोन आठवडे मागे जायचो. आम्हाला सॅच्युरेशन ९३च्या वर ठेवायला सांगितलं होतं. आधी दिवसाचा बंद झाला, झोपेतला सगळ्यात शेवटी, तोही रात्रभराची नोंद दोनदा बघून. दर एक-दोन महिन्यांनी कॅन्युलाचं (नाकात बसवायच्या नळीचं) माप बदलायचं, गालावरच्या चिकटपट्ट्यांनी कातडी सोलवटायची. ती रांगायला लागली तेव्हा तर सगळं नव्याने मांडावं लागलं : नळी लांब केली आणि गळ्याभोवती गुंडाळू नये म्हणून कपड्याच्या आतून पाठीकडून बाहेर काढली. नळी काढली त्या दिवशी तिचा चेहरा मी पहिल्यांदा पूर्ण बघितला, ती चौदा महिन्यांची होती.

---

कोरा_कागद

कमी होण्याबद्दल शेवंतीताईंनी लिहिलं म्हणून. मोठ्यांमध्येही हे होतं आणि तिथे कुणाचं लक्ष नसतं. मला न्यूमोनिया झाला होता, घरी पाठवताना ऑक्सिजन दिला. तो कधी थांबवायचा याबद्दल अवाक्षर नाही. मी सात महिने लावत होतो, काढायची भीती वाटायची. सातव्या महिन्यात तपासलं तर बसून ९६, चालून ९४, बिनाऑक्सिजनचं. किती आधीपासून असं होतं, देव जाणे. नंतर वाचलं की आजारपणात सुरू केलेल्या ऑक्सिजनची फेरतपासणी ६० ते ९० दिवसांत व्हायला हवी.

याच्या उलट टोकाला माझे सासरे. त्यांना खरोखर गरज आहे आणि ते "सवय लागेल" म्हणून लावत नाहीत. ऑक्सिजनची सवय लागत नाही हो. गरज वाढली तर ती आजार वाढल्यामुळे वाढते. हे त्यांना कसं पटवावं?

---

उत्तररात्र

कोरा_कागद, मी स्वतः पेशंट आहे, सहा वर्षं नळी नाकात आहे. पहिले सहा महिने मीही लावत नव्हतो. आकड्यांनी पटलं नाही, लाज आडवी येत होती. पाहुणे आले की नळी उशीखाली. मला पटलं ते कशाने, सांगतो. डॉक्टरांनी दोनदा चालवलं, एकदा नळीशिवाय आणि एकदा नळीसह, आणि दोन्ही वेळा पायांना काय वाटलं ते मलाच बोलायला लावलं. सासऱ्यांना उपदेश करू नका, असं चालायला लावा.

आणि किती तास लावायचा यावर त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. बसल्या जागी ज्यांचं सॅच्युरेशन ८८ किंवा त्याखाली असतं, त्यांना दीर्घकाळ ऑक्सिजनने आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांतून सीओपीडीच्या पेशंटमध्ये दिसलं. त्यावरून दिवसाला किमान १५ तास हा दंडक आला. पुढे माझ्यासारख्या अनेकांना "२४ तास लावा" सांगितलं गेलं. २०२४ मध्ये स्वीडनमधल्या २४१ पेशंटवरचा रेडॉक्स नावाचा अभ्यास आला. त्यात १५ तास आणि २४ तास या दोन गटांत वर्षभरातले मृत्यू आणि इस्पितळात भरती होणं यांत फरक दिसला नाही. मी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी माझे रिपोर्ट पुन्हा बघितले, आणि आता बसल्या कामाचे काही तास मी मोकळा असतो. चालताना आणि झोपेत मात्र लावतोच. हे प्रत्येकाला लागू नाही, माझं मला विचारून ठरलं. त्या चार-पाच तासांनी मला माझं टेबल परत मिळालं.

आजाराइतकंच माझं आयुष्यही बदलत होतं, हे सुरुवातीला कुणी धरलंच नव्हतं. नोकरीत होतो तेव्हा मला बॅटरी हवी होती. निवृत्त झालो तेव्हा लांब नळी हवी होती. नातू झाला तेव्हा त्याला उचलून घेता येईल असा प्रवाह हवा होता. डॉक्टरांना मी सरळ म्हणालो, नातवाला उचलून जिन्याच्या दोन पायऱ्या चढेन तेव्हाचा आकडा सांगा. त्यांनी माझ्या हातात सहा किलोची पिशवी देऊन चालवलं.

विमानाबद्दल : केबिनमधला दाब समुद्रसपाटीचा नसतो, साधारण २४०० मीटर उंचीइतका विरळ असू शकतो, म्हणजे जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखं. जमिनीवर न लागणारा ऑक्सिजन तिथे लागू शकतो. बऱ्याच कंपन्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या मागतात, आणि स्वतःचा सिलिंडर सहसा नेऊ देत नाहीत. तिकिटाआधी विचारा.

---

पाणपोई

उत्तररात्र, सहा किलोची पिशवी वाचून डोळे भरून आले. बाबांना असं कुणीच विचारलं नव्हतं, त्यांना कशासाठी ऑक्सिजन हवा आहे.

दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोपात वीज गेल्यावर काय करायचं, ते विचारलं आहे. इथेही आकडा बदलला की हिशोब बदलतो, आणि तो आमच्या लक्षात आला नव्हता. जोडीला १० लिटर आकाराचा सिलिंडर ठेवला होता. १५० बार दाबाने भरला की त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो. २ लिटरने साडेबारा तास. आम्ही भिंतीवर "१२ तास" असं लिहूनही ठेवलं होतं. बाबा ६ लिटरवर गेले आणि ती पाटी तशीच राहिली. प्रत्यक्षात चार तास उरले होते. एका रात्री वीज गेली तेव्हा आईने काटा बघितला आणि मला उठवलं, म्हणून वाचलो.

इन्व्हर्टरचंही तसंच. ५ लिटरचं मशिन साधारण ३५० वॅट घेतं. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर पाच तास चालवेल, प्रत्यक्षात तीन धरा, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. १० लिटरच्या मशिनला दीड तासही कठीण. एकदा दिवसाढवळ्या मुद्दाम मुख्य बटण बंद करून घड्याळ लावून बघा, सिलिंडर शेजारी तयार ठेवून. आणि मशिन पुन्हा सुरू झालं की पूर्ण शुद्धतेला यायला काही मिनिटं लागतात, तोवर सिलिंडर काढू नका.

---

माळरान

घरात एक जण सिगारेट ओढतो, पेशंट नव्हे. दार लावून ओढतो. चालेल का?

---

दहिवर

माळरान, घरात नको. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेलं सगळं भयंकर वेगाने जळतं. कपडे, केस, उशीचा अभ्रा यांत तो मुरतो. पेशंटने स्वतः ओढायची तर गोष्टच सोडा, चेहरा जळालेले पेशंट मी बघितले आहेत. गॅस, मेणबत्ती, निरांजन, सगळ्यापासून किमान तीन मीटर. मशिन बंद केल्यावरही ज्वाळेजवळ जायच्या आधी वीस मिनिटं थांबा. नाक कोरडं पडतं म्हणून पेट्रोलियम जेली लावतात, ती नको, पाण्यात विरघळणारं जेल लावा.

आणखी एक, जे कामात सतत दिसतं. "अचानक सॅच्युरेशन पडलं" म्हणून फोन येतो, आणि नळी खाटेच्या पायाखाली दबलेली असते किंवा ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं. आधी कॅन्युलाची टोकं पाण्याच्या पेल्यात धरा, बुडबुडे येतात का बघा. फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा, मशिन भिंतीला चिकटवून ठेवू नका. बुडबुडे येत असूनही पेशंट खालावत असेल, तर मशिनची शुद्धता मोजून घ्या. खडे जुने झाले की फ्लोमीटरची गोळी ३ वर दिसते आणि आतून येणारा वायू जवळपास साध्या हवेसारखा असू शकतो. पेशंटची गरज वाढली असं समजून दोन महिने प्रवाह वाढवत राहिलेलं एक घर मी बघितलं आहे. तिथे मशिन बदलल्यावर पेशंट पुन्हा जुन्या आकड्यावर आला.

ऑक्सिमीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. गार बोटं, नेलपॉलिश, हलणारा हात यांनी आकडा चुकतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे २०२० साली अमेरिकेतल्या अभ्यासात ठळकपणे पुढे आलं.

---

शेवंती

पाणपोई, विचारू की नको असं झालंय. शेवटी शेवटी काय केलंत? माझ्या आत्याचं तेच चालू आहे. सॅच्युरेशन ९३ आहे आणि तरी ती "गुदमरतंय, वाढवा" म्हणते.

---

पाणपोई

विचारलंस ते बरं केलंस. शेवटचे दोन महिने बाबांचं असंच होतं. आम्ही वाढवत गेलो. नाकातून रक्त यायला लागलं, कान सोलले गेले, मास्कमुळे बोलणं बंद झालं, आणि गुदमरणं तसंच. मग उपशामक (पॅलिएटिव्ह) उपचारांच्या डॉक्टर घरी आल्या. त्यांनी सांगितलं की रक्तात ऑक्सिजन पुरेसा असताना जी धाप वाटते तिला आणखी ऑक्सिजनचा उपयोग होत नाही, तिला वेगळं औषध असतं. त्यांनी मॉर्फिन अगदी बारीक मात्रेत सुरू केलं, आणि हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यावर, नाका-गालांवर वारा येईल असा धरायला शिकवलं. मला ते इतकं साधं वाटलं की आधी राग आला. पण दहा मिनिटांत बाबांचे खांदे खाली आले. मास्क काढून परत नळी लावली आणि बाबा बोलू लागले. त्यानंतर आम्ही खूप बोललो. आत्यासाठी अशा डॉक्टरांना आजच बोलाव, शेवटच्या आठवड्याची वाट बघू नकोस. आणि पंखा आत्ता धर.

---

रातवा

अकरा दिवसांनी लिहितोय. त्या रात्री एबीजीमध्ये आईचा कार्बन डायऑक्साइड ७८ निघाला, असायला हवा ३५ ते ४५. पाच दिवस बायपॅपवर (मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं मशिन) ठेवलं. काल घरी आणली. दहिवर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता घरीही रात्री बायपॅप आहे, त्यातच १ लिटर जोडलेला. बसताना १, चालताना २. चालतानाचा आकडा त्यांनी वॉर्डाच्या व्हरांड्यात आईला चालवून, माझ्यासमोर ठरवला. लक्ष्य ८८ ते ९२, ते मी मोठ्या अक्षरांत लिहून मशिनवर चिकटवलंय आणि खाली आजची तारीख टाकलीय, पाणपोईताईंची ती भिंतीवरची पाटी आठवून. रात्री दोनदा उठून बघितलं, ९० होतं. बटणाला हात लावला नाही.

सकाळी आईला विचारलं डोकं दुखतंय का. नाही म्हणाली, आणि चहा मागितला. फेरतपासणी सहा आठवड्यांनी आहे, तेव्हा परत इथेच लिहीन.